ओंकार काय म्हणून राह्यला?

लग्नाच्या मांडवात मला कुणी पुढच्या रांगेत बसवत नाही. भोकरदनच्या एका लग्नात नवरीच्या आत्याने मला दारातच गाठलं होतं. "वकीलबाई, तुम्ही आधी जेवून घ्या, अक्षता काय, होत राहतील." म्हणजे मंगलाष्टकांच्या वेळी मी मांडवात नसावी, अशी तिने सोय केली. मला राग आला नाही. गरम जिलबी मिळाली.

माझी वकिली जालन्यात झाली आणि ती जवळजवळ सगळी नवरा-बायकोच्या वेगळं होण्याची. घटस्फोट मागणारे दोघं राजी असले आणि घरात लहान लेकरं असली, की तडजोडपत्र करायला लोक माझ्याकडे यायचे. आता ऑफिस बंद केलं. लोक विचारतात, रोज एवढं रडणं बघून जीव कसा उबगला नाही? खरं सांगायचं तर त्या खोलीत मी जितकी हसले तितकी माझ्या सासरी-माहेरी मिळून हसले नसेन.

काम काय असतं ते थोडक्यात सांगते. दोघांनी मिळून कोर्टात अर्ज करायचा की आम्हाला आता एकत्र राहायचं नाही. कोर्ट लगेच होकार देत नाही. विचार करायला मधे मुदत देतं, मग पुन्हा बोलावून विचारतं. या अर्जासोबत लेकरांचं काय ठरलं ते लिहून द्यावं लागतं. लेकरं कुणाजवळ राहणार, दुसऱ्याला कधी भेटणार, दिवाळी कुठं, उन्हाळ्याची सुट्टी कुठं, ताप आला तर कोण कुणाला कळवणार, शाळेच्या अर्जावर सही कुणाची. कायद्याच्या भाषेत याला 'ताबा' म्हणतात. मला तो शब्द कधी आवडला नाही. ताबा शेताचा घेतात, दुकानाचा घेतात. मी आपली 'सांभाळ' लिहायची. एका न्यायाधीश साहेबांनी एकदा तो शब्द खोडून 'ताबा' केला, मी पुढच्या कागदात पुन्हा 'सांभाळ' लिहिलं. शेवटी ते दमले.

गिऱ्हाइकं एकेक असायची. एक मास्तर आले होते, त्यांनी मुलाच्या भेटीचं वेळापत्रकच आखून आणलं होतं. पहिला तास गप्पा, दुसरा तास पाढे, मग मधली सुट्टी. बायकोने तो कागद वाचला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "आता कळलं ना मॅडम, मी कामून निघाले?" मास्तरांनाही हसू आलं. भेटीत मधली सुट्टीच तेवढी ठेवू, म्हणाले, आणि खेळायला पोराला नदीवर नेऊ लागले. दुसऱ्या एका जोडप्याने सगळं गोडीने ठरवलं, सह्या केल्या, आणि मग बाप हळूहळू यायचाच बंद झाला. ती मुलगी दर रविवारी ठेवणीतले कपडे घालून ओट्यावर बसायची, असं तिच्या आईने मला सांगितलं. कागदात मी भेटीची वेळ लिहू शकते, जागा लिहू शकते. माणसाला घरातून उठवून बाहेर काढण्याचं कलम मला कधी लिहिता आलं नाही. त्या मुलीची आठवण आली की अजून चुटपुट लागते.

पण आज सांगायचंय ते दत्ता आणि रेखाबद्दल.

दत्ता केदारखेड्याचा. त्याचे आजे-पणजे मेंढरं घेऊन रानोमाळ फिरणारे, बापाने थोडी जमीन केली, आणि दत्ताकडे मालाची छोटी गाडी. बकऱ्या-मेंढरं या बाजारातून त्या बाजारात पोचवायची. रेखा 'कुंभार पिंपळगाव' या गावची. जिल्ह्याच्या वरच्या टोकाचा नवरा आणि खालच्या टोकाची बायको. ती माहेरी जाऊन दोन-अडीच वर्षं झाली होती, बाजारपेठेत शिलाईचं दुकान टाकलं होतं. मारहाण नाही, दारू नाही. मी विचारलं, झालं काय? दत्ता म्हणाला, "काय सांगू मॅडम. मी बोललो की तिला टोचतं, ती बोलली की मला टोचतं. आन् दोघं गप बसलो की घर खायला उठतं." रेखाने मान हलवली. "बराबर बोलून राह्यले ते."

त्यांना दोन लेकरं. आरती नऊ वर्षांची आणि ओंकार पाच वर्षांचा. दोघंही आईजवळच होती. पण वेगळं व्हायचं ठरल्यावर दोन्हीकडची मोठी माणसं बसली आणि त्यांनी निकाल देऊन टाकला : पोरगी आईकडे, पोरगा बापाकडे. दत्ताची आई, सरूबाई, नातवासाठी हटून बसली होती. रेखाच्या भावालाही ते सोयीचं वाटलं, कारण एवढं मान्य केलं की कोर्टकचेरी लवकर मिटणार होती. माझ्याकडे ही मंडळी आली ती सगळं ठरवूनच. "मॅडम, तुम्ही फक्त लिहून द्या. जल्दी," भाऊ म्हणाला.

मी त्यांना म्हटलं, लिहीन, पण माझी एक पद्धत आहे. आधी लेकरं बघणार.

ही पद्धत कुणी शिकवली नव्हती, अनुभवाने आली होती. आई-बाप लेकरांबद्दल बोलतात ते एक असतं आणि लेकरं खोलीत आली की दिसतं ते दुसरंच. लेकरांना मी "तुला कोण आवडतं" असं कधीच विचारलं नाही. तो प्रश्न म्हणजे लेकराच्या गळ्यात दगड बांधणं. मी विचारायची, तुझ्या वर्गात खोडकर कोण, भाजी कुठली आवडत नाही. बस्स.

पुढच्या खेपेला सगळे आले. दत्ता, रेखा, सरूबाई, रेखाचा भाऊ आणि ती दोन लेकरं. आरतीने दोन वेण्या घातलेल्या, ओंकारचा हात घट्ट धरलेला. खुर्च्या कमी पडल्या, म्हणून मी भावाला चहा सांगायला पाठवलं. हीसुद्धा माझी पद्धतच. खोलीतला एक माणूस कमी झाला की एक भांडण कमी होतं.

मी ओंकारला जवळ बोलावलं. "नाव काय रे तुझं?"

त्याने काहीतरी सांगितलं. मला कळलं नाही.

"ओंकार दत्ता म्हणून राह्यला," आरती म्हणाली.

तेव्हा रेखाने सांगितलं की ओंकारचं बोलणं उशिरा सुरू झालं आणि अजून साफ नाही. गावातल्या बाया म्हणतात येईल आपोआप. घरात त्याचं सगळं आरतीलाच कळतं. "मला बी निम्मं कळतं," ती म्हणाली. "दुकानात असले तर तीच सांगती मला, ह्याला काय पाहिजे ते."

ओंकार खिडकीकडे बोट करून म्हणाला, "आदी!"

सरूबाईचा चेहरा असा फुलला की काय सांगावं. "बघा, बघा वकीलबाई! आजी म्हणलं! लेकराला माझ्याकडंच यायचंय!"

"आजी न्हाई," आरती शांतपणे म्हणाली. "गाडी. पप्पाची गाडी दिसली त्याला."

खिडकीतून खरंच दत्ताची गाडी दिसत होती. सरूबाई हिरमुसली, पण दत्ता खूश झाला. त्याने ओंकारला मांडीवर घेतलं, "माझ्या गाडीत बसायचं ना? रोज बसू आपण. रोज." ओंकारने बापाच्या मिशीला हात लावला. दत्ताचं त्या पोरावर प्रेम होतं, त्यात काही खोट नव्हती. त्याला फक्त पोराचा सहवासच मिळाला नव्हता.

मी हळूहळू विचारायला सुरुवात केली. ओंकारला काय खायला आवडतं? दत्ता म्हणाला, सगळं खातो. आरती म्हणाली, "वरण-भात. पण वरणात टमाटं दिसलं की ताट सारतो." रात्री कशाला भितो? दत्ता म्हणाला, वाघाचं लेकरू हाय, कशाला भिईल? आरती म्हणाली, "मिक्सरला." रेखा तोंडाला पदर लावून हसत होती. दत्ता मात्र आता हसत नव्हता.

एवढ्यात ओंकार बापाच्या मांडीवरून उतरला आणि आरतीला काहीतरी म्हणाला. अगदी छोटंसं. दोन-तीन शब्द असतील.

"काय म्हणून राह्यला गं?" दत्ताने विचारलं.

आरतीने एकदा आईकडे पाहिलं, एकदा आजीकडे. मग एका दमात म्हणाली, "तो म्हणतोय, मला दीदीसंगंच राह्यचंय. पिंपळगावलाच. केदारखेड्याला दिवाळीत आन् उन्हाळ्यात दोघंबी येऊ, आन् आजीनं रडू नये, आन् पप्पानं फोन करावा."

रेखाच्या डोळ्यांत पाणी आलं. सरूबाई पदराने नाक पुसायला लागली. मलासुद्धा गलबलून आलं असतं, पण ओंकारचं ध्यान वेगळं होतं. तो एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होता.

"आरती," मी म्हटलं, "एवढं सगळं म्हणाला तो?"

"हो."

"ओंकार, तुला काय पाहिजे? हाताने दाखव बरं मला."

ओंकारने दोन्ही हातांनी चड्डी धरली.

आधी रेखा हसली. मग सरूबाई, डोळे पुसता पुसताच. चहा घेऊन आलेला भाऊ दारात उभा राहून विचारायला लागला, काय झालं, काय झालं. मी हसता हसता टेबलावर डोकं ठेवलं. आरती मात्र लाल झाली. खोटं पकडलं गेलं म्हणून लाजली असेल असं मला वाटलं, पण ती लाजली नव्हती, संतापली होती.

"हसा!" ती ओरडली. "तिकडं त्याला सू लागली तर कोण सांगल तुम्हाला? मी नसल्यावर कोण सांगल?"

हसणं थांबलं.

दत्ता उठला. त्याने ओंकारला उचललं आणि बाहेर घेऊन गेला. खिडकीतून मला ते दोघं दिसत होते. काम उरकल्यावर दत्ता नळापाशी ओंकारचे हात धूत होता आणि खाली बसून त्याला काहीतरी विचारत होता. ओंकार सांगत होता. दत्ता मान हलवून पुन्हा विचारत होता. ओंकार पुन्हा सांगत होता, जरा मोठ्याने. तिसऱ्या वेळी ओंकारने वैतागून पाय आपटला. दत्ता तसाच उकिडवा बसून राहिला, ओल्या हातांनी.

आत आला तेव्हा तो बसला नाही. उभ्याउभ्याच म्हणाला, "मॅडम, दोघांला येगळं न्हाई करायचं. तसं लिहा."

"दत्ता!" सरूबाई म्हणाली. "आरं, मंग आपलं घर? माझ्या घरात लेकराचा आवाजच राह्यचा न्हाई का?"

"त्याचा आवाज मला कळंना गं माये," दत्ता म्हणाला. "बापाला कळंना. तू काय करशील त्याला नेऊन?"

सरूबाई रडायला लागली. मघाचं रडणं वेगळं आणि हे वेगळं. या बाईने चार मेंढरांपासून संसार उभा केला होता, कुणापुढे हार मानलेली नव्हती. तिला काय सांगावं ते मला सुचेना. वकिलाला सगळं सुचतं असं लोकांना वाटतं.

सुचलं ते रेखाला. ती खुर्ची सरकवून सासूजवळ गेली, तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "आत्याबाई, शाळेला सुट्टी लागली की दोघंबी तुमच्याकडं. दोघंबी. मी आडवी आले तर ह्या मॅडम हायेत, त्यांना सांगा. आन् तुमी कवाबी या पिंपळगावला. माझं दुकान हाय, घर हाय, कुणाची परवानगी न्हाई लागत."

रेखाच्या भावाने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मी त्याला म्हटलं, "मामा, चहा गार होतोय."

त्या दिवशी आम्ही कागद नव्याने लिहायला घेतला. दोन्ही लेकरांचा सांभाळ आईकडे. एकाआड एक शनिवार-रविवार बापाकडे, दोघांनी मिळूनच जायचं, एकाला मागे ठेवायचं नाही. दिवाळी एक वर्ष इकडे, एक वर्ष तिकडे. गावची यात्रा केदारखेड्यालाच, यावर सरूबाई अडून बसली आणि ते सगळ्यांनी मान्य केलं. शाळेतल्या कागदांवर दोघांची नावं. मी आणखी एक कलम सुचवलं : ओंकारचं बोलणं तपासून घ्यायचं. जालन्यात वाचा-उपचार करणाऱ्या एक बाई होत्या, दर आठवड्याला न्यावं लागणार होतं. कोण नेणार?

"मी," दत्ता म्हणाला. "गाडी कशाला हाय मंग?"

"केदारखेड्याहून पिंपळगाव, तिथून जालना, परत पिंपळगाव, परत घर," मी म्हटलं. "दर आठवड्याला. जमेल का? जमणार नसेल तर आत्ताच सांग, मी लिहिणार नाही."

"लिहा तुमी."

मी लिहिलं. लिहिताना ओट्यावर बसणारी ती मुलगी डोळ्यांपुढे होती, म्हणून पेन जरा अडखळलं.

दत्ता गेला. दर आठवड्याला गेला. सुरुवातीला आरतीला सोबत न्यावंच लागायचं, नाहीतर बाप-लेकांचं संभाषण व्हायचं नाही. मग सरूबाईही निघायला लागली, नातवाला बघायला मिळतं म्हणून. पुढे आजी, मधे दोन लेकरं, आणि मागे कधी कधी कुणाच्या तरी दोन बकऱ्या. उपचार करणाऱ्या बाई मला एकदा भेटल्या तेव्हा म्हणाल्या, अहो, तुमच्या त्या माणसाला सांगा, बकऱ्या आमच्या फाटकापासून लांब बांधत जा. मोगरा खाल्ला त्यांनी.

त्या बाईंनी ओंकारपेक्षा दत्ताचीच जास्त शिकवणी घेतली असावी. हळू बोला, त्याच्या तोंडाकडे बघा, तो बोलताना मधे तोडू नका. दत्ताने ते मनावर घेतलं. गाडी चालवता चालवता बाप-लेक क-का-कि-की म्हणायचे. एका दुपारी मी कोर्टाच्या आवारात होते, दत्ताचा फोन आला. आवाज एवढा मोठा की शेजारच्या वकिलांनाही ऐकू गेला.

"मॅडम, आज गाडी म्हणला! ग बराबर आला! आदी न्हाई, गाडी!"

"अरे वा! रेखाला सांगितलंस का?"

"आधी तिलाच केल्ता. ती म्हणली, मॅडमला सांगा."

मुदत संपल्यावर कोर्टात शेवटची तारीख लागली. साहेबांनी दोघांना विचारलं, एकत्र येण्याचा काही विचार आहे का? माझ्या मनात उगाच आशा होती, हे कबूल करते. एवढं चांगलं जमतंय तर नांदतीलही. पण दोघं एकाच वेळी "न्हाई साहेब" म्हणाले, आणि इतक्या मोकळ्या मनाने म्हणाले की माझीच आशा मला खुळी वाटली. त्यांचं जमत होतं ते वेगळे राहिल्यामुळेच जमत होतं. बाहेर येऊन सगळ्यांनी उसाचा रस प्यायला. निकालाच्या दिवशी अशिलांकडून रस पाजून घेतलेली जालना जिल्ह्यातली मी एकटीच वकील असेन. आणि त्याचा मला बऱ्यापैकी अभिमान आहे.

पुढे काही वर्षांनी, ऑफिस आवरायला काढलं होतं तेव्हा, एक दिवस दत्ता दारात उभा. पोट सुटलेलं, मिशी पांढरी होऊ लागलेली. मागे रेखा. तिच्या मागे एक तिशीची बाई, नवी साडी, मान खाली. आणि या सगळ्यांच्या मागून ओंकार, चांगला उंच झालेला. आरतीची परीक्षा होती म्हणून ती आली नव्हती.

"ही मंगल," दत्ता म्हणाला. "आमचं ठरून राह्यलंय. पुढल्या महिन्यात."

मी अभिनंदन केलं, पण नजर रेखाकडे गेलीच. ती आरामात पंख्याखाली बसली होती. "मीच आणलं ह्यांना," ती म्हणाली. "हिचं म्हणणं हाय की लग्नाआधी तो कागद ऐकायचाय."

मंगलने पहिल्यांदा मान वर केली. "ज्या घरात जायचं तिथलं काय ठरलंय ते ठाऊक नको का, मॅडम? उगंच लेकरं आल्यावर मी चुकीचं वागायची."

मी मनात म्हटलं, बाई, तू माझ्याकडे लग्नाआधी आलीस, तशाच सगळ्या याव्यात. तडजोडपत्राची नक्कल काढली आणि मोठ्याने वाचून दाखवली. शनिवार-रविवार, दिवाळी, यात्रा, सगळं. मंगल एकेक गोष्ट बोटांवर मोजत ऐकत होती. मधेमधे रेखा सांगत होती, "हे आता न्हाई राह्यलं, आता ओंकार एकटा बसनं जातो," "हे अजून हाय," "आन् वरणात टमाटं आता चालतं त्याला, पण दोडका करू नको." मंगल म्हणाली, "दोडका मलाबी आवडत न्हाई."

वाचून झालं. मंगलने मोजलेली बोटं मिटली.

"सगळं चांगलं लिवलंय," ती म्हणाली. "पण ह्याच्यात मी कुठंच न्हाई. मी ह्या लेकरांची कोण?"

मी चष्मा काढला. कायद्यात त्याला शब्द आहे, 'सावत्र'. तो त्या खोलीत उच्चारायची माझी इच्छा नव्हती. दत्ताने खाली पाहिलं. ओंकार आईकडे बघत राहिला.

रेखाने पदर सारखा केला. "मावशी म्हणत्याल," ती म्हणाली. "मला बहीण न्हाई. झाली समज."

मंगलने रेखाचा हात धरला. ओंकार जवळ गेला, जरा लाजला, आणि स्वच्छ, खणखणीत म्हणाला, "मावशी, तुला गाडीत पुढं बसायचं का खिडकीपाशी?"

सगळे हसले. दत्ताला हायसं वाटलं असावं, तोही हसत पुढे सरकला. "बहीण झाली, मावशी झाली. मंग माझं रेखासंगं काय नातं लागलं आता?"

"तुमी गाडी काढा," रेखा म्हणाली. "मला दुकान उघडायचंय."